लेक वालेसा : कामगार नेतृत्व ते राष्ट्राध्यक्षपद – एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

विसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व युरोपातील साम्यवादी राजवटी एकापाठोपाठ एक कोसळल्या. या घटनाक्रमाचा विचार करताना नोव्हेंबर १९८९ मध्ये पडलेली बर्लिनची भिंत प्रथम डोळ्यांसमोर येते. तथापि भिंत पडण्यापूर्वी सुमारे पाच महिने, ४ जून १९८९ रोजी, पोलंडमधील मतदारांनी सत्ताधारी पक्षाला मतपेटीतून नाकारले होते आणि सप्टेंबरमध्ये तेथे बिगर-साम्यवादी पंतप्रधानांच्या नेतृत्वाखालील सरकार कामाला लागले होते. या परिवर्तनाच्या केंद्रस्थानी 'सॉलिडॅरिटी' ही कामगार संघटना होती आणि तिचे नेतृत्व लेक वालेसा या वीजतंत्र्याकडे होते. कामगारांच्या नावाने राज्य करणाऱ्या पक्षाला कामगारांनीच आव्हान द्यावे, हा इतिहासातील एक लक्षणीय विरोधाभास होय.

वालेसा यांना १९८३ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि १९९० मध्ये ते ७४ टक्क्यांहून अधिक मते मिळवून राष्ट्राध्यक्ष झाले. याच नेत्याला २००० च्या निवडणुकीत जेमतेम १ टक्का मते मिळाली. दहा वर्षांत झालेली ही घसरण केवळ मतदारांच्या कृतघ्नतेने किंवा केवळ नेत्याच्या स्वभावदोषाने स्पष्ट होत नाही. आंदोलन उभारणारे नेतृत्व राज्यकारभारात का अडखळते, हा राज्यशास्त्रातील मूलभूत प्रश्न येथे उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात वालेसा यांच्या राजकीय वाटचालीचा मागोवा घेऊन, त्यांच्या यशाचे आणि अपयशाचे मूळ एकाच गुणात कसे होते, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. हा गुण म्हणजे वाटाघाटीचे कौशल्य होय.

१. जडणघडण (१९४३ ते १९७९) :

लेक वालेसा यांचा जन्म २९ सप्टेंबर १९४३ रोजी जर्मनव्याप्त पोलंडमधील पोपोवो या खेड्यात झाला. वडील सुतारकाम करीत. नाझींच्या श्रमछावणीत त्यांची प्रकृती ढासळली आणि १९४५ मध्ये त्यांचे निधन झाले. वालेसा यांचे शिक्षण व्यवसाय प्रशिक्षण शाळेपर्यंत झाले. काही वर्षे यंत्रदुरुस्तीचे काम आणि सक्तीची लष्करी सेवा केल्यानंतर १९६७ मध्ये ते बाल्टिक किनाऱ्यावरील ग्दान्स्क शहरातील लेनिन जहाजबांधणी कारखान्यात वीजतंत्री म्हणून रुजू झाले. खेड्यातून औद्योगिक शहरात आलेल्या तरुण कामगारांच्या पिढीचे ते प्रतिनिधी होते. ही पिढी साम्यवादी व्यवस्थेनेच घडविली होती.

डिसेंबर १९७० मध्ये, नाताळ तोंडावर आला असताना, सरकारने अन्नपदार्थांच्या किमती वाढविल्या. किनारपट्टीवरील शहरांतील कामगार रस्त्यावर उतरले. ग्दान्स्क, ग्दिनिया व अन्य शहरांत झालेल्या गोळीबारात चाळीसहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. पक्षप्रमुख गोमुल्का यांना जावे लागले आणि त्यांच्या जागी गिएरेक आले. वालेसा त्या वेळी संपसमितीत होते. या अनुभवातून किनारपट्टीवरील कामगारांनी एक धडा घेतला. कारखान्याबाहेर पडलेला जमाव शस्त्रबळापुढे टिकत नाही, तर कारखान्याच्या आत ठाण मांडून बसलेल्या कामगारांना हटविणे सरकारला अवघड जाते.

१९७६ मध्ये पुन्हा दरवाढ झाली आणि पुन्हा असंतोष उसळला. त्याच वर्षी वालेसा यांना नोकरीवरून काढण्यात आले. शिक्षा झालेल्या कामगारांना कायदेशीर व आर्थिक मदत देण्यासाठी बुद्धिजीवींनी 'कामगार संरक्षण समिती' स्थापन केली. १९७८ मध्ये ग्दान्स्क येथे स्वतंत्र कामगार संघटनेचा लहानसा गट स्थापन झाला. आंद्रझेय ग्विआझ्दा, क्रेनचालक अॅना व्हॅलेंतिनोविच यांच्यासमवेत वालेसाही त्यात काम करू लागले. ऑक्टोबर १९७८ मध्ये क्राकोचे कार्डिनल पोपपदी निवडले गेले आणि जून १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी मायदेशाला भेट दिली. लाखोंच्या शिस्तबद्ध मेळाव्यांतून आपण संख्येने किती आहोत, याची जाणीव समाजाला प्रथमच झाली. पुढील वर्षीच्या घटनांची पार्श्वभूमी अशी तयार झाली.

२. ऑगस्ट १९८० : संप आणि करार :

१ जुलै १९८० रोजी मांसाच्या किमती वाढल्या आणि ठिकठिकाणी संप सुरू झाले. ऑगस्टच्या आरंभी व्हॅलेंतिनोविच यांना निवृत्तीला काही महिनेच उरले असताना कामावरून कमी करण्यात आले. १४ ऑगस्ट रोजी लेनिन कारखान्यात संप पुकारला गेला. व्हॅलेंतिनोविच व वालेसा यांना परत कामावर घेणे, वेतनवाढ आणि १९७० मधील मृतांचे स्मारक या त्यातील प्रमुख मागण्या होत्या. बडतर्फ असलेले वालेसा कारखान्यात पोहोचले आणि संपाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले.

१६ ऑगस्टचा प्रसंग या संपूर्ण इतिहासाला कलाटणी देणारा आहे. व्यवस्थापनाने मुख्य मागण्या मान्य केल्या व वालेसा यांनी संप संपल्याचे जाहीर केले. कामगार घरी निघाले. परंतु ज्या लहान कारखान्यांनी सहानुभूती म्हणून संप केला होता, त्यांचे काय, असा प्रश्न पुढे आला. ट्रामचालक हेन्रिका क्रझिव्होनोस, परिचारिका अलिना पिएन्कोव्हस्का आणि व्हॅलेंतिनोविच या स्त्रियांनी कामगारांना थोपविण्याचा आटापिटा केला. वालेसा यांनी तत्काळ आपला निर्णय फिरविला आणि इतरांच्या पाठिंब्यासाठी संप पुढे चालू ठेवण्याची घोषणा केली. त्याच रात्री आंतर-कारखाना संपसमिती स्थापन झाली. वालेसा यांच्या नेतृत्वाचे एक वैशिष्ट्य येथे दिसते. समुदायाची मनःस्थिती ओळखून स्वतःची चूक जाहीरपणे दुरुस्त करण्याची लवचिकता त्यांच्याकडे होती. त्याचबरोबर हेही नमूद केले पाहिजे की ज्या एकजुटीवरून संघटनेला पुढे नाव मिळाले, ती त्या दिवशी या स्त्रियांनी तारली. नंतरच्या काळात त्यांच्या वाट्याला त्या मानाने अल्प श्रेय आले.

संपसमितीने २१ मागण्यांची यादी केली. स्वतंत्र कामगार संघटना आणि संपाचा हक्क या पहिल्या दोन मागण्या होत्या. अभिव्यक्तिस्वातंत्र्य, राजकीय कैद्यांची मुक्तता, सर्व धर्मपंथांच्या प्रतिनिधींना प्रसारमाध्यमे खुली करणे, घरांसाठीची प्रतीक्षा कमी करणे, शनिवारची सुटी अशा मागण्याही त्यात होत्या. ताद्यूश माझोव्हियेत्स्की व ब्रोनिस्वाव गेरेमेक यांच्यासारखे विचारवंत सल्लागार म्हणून आले. उपपंतप्रधान यागिएल्स्की यांच्याशी झालेली बोलणी ध्वनिक्षेपकावरून कारखान्याच्या आवारात ऐकविली जात होती. प्रतिनिधी काय बोलतात आणि काय मान्य करतात, हे प्रत्येक कामगाराला कळत होते. ३१ ऑगस्ट रोजी करारावर सह्या झाल्या. पोपचे चित्र असलेल्या भल्यामोठ्या लेखणीने सही करणारे वालेसा जगभरच्या वृत्तपत्रांत झळकले.

या करारातील तडजोड समजून घेणे आवश्यक आहे. संघटनेने राज्यातील पक्षाची प्रमुख भूमिका मान्य केली आणि त्या बदल्यात पक्षाच्या नियंत्रणाबाहेर राहण्याचा हक्क मिळविला. तात्त्विकदृष्ट्या ही दोन विधाने एकत्र नांदणे कठीण होते. व्यावहारिकदृष्ट्या मात्र दोन्ही बाजूंना सही करता येईल असा तोच एक मार्ग होता.

३. सोळा महिन्यांचा कालखंड : नेतृत्वाच्या मर्यादा :

१० नोव्हेंबर १९८० रोजी 'सॉलिडॅरिटी'ची अधिकृत नोंदणी झाली. सदस्यसंख्या सुमारे एक कोटीपर्यंत पोहोचली. साडेतीन कोटींच्या देशात ही संख्या विलक्षण होती. पक्षाचे अनेक सामान्य सभासदही संघटनेत दाखल झाले. कामगार, प्राध्यापक, श्रद्धाळू कॅथलिक, समाजवादी आणि राष्ट्रवादी असे सर्व प्रवाह तिच्यात एकत्र आले. साहजिकच मतभेदही वाढले.

मार्च १९८१ मध्ये बिद्गोश्च येथे संघटनेच्या कार्यकर्त्यांना पोलिसांनी मारहाण केली. २७ मार्च रोजी चार तासांचा इशारा संप देशभर पाळला गेला. ३१ मार्चपासून बेमुदत सार्वत्रिक संप होणार होता. सोव्हिएत हस्तक्षेपाची भीती सर्वत्र होती. ३० मार्च रोजी वालेसा यांनी निवडक सल्लागारांसह सरकारशी बोलणी करून संप स्थगित केला. यामुळे रक्तपात टळला असे समर्थकांना वाटले, तर लोकनियुक्त समितीला विश्वासात न घेता निर्णय झाला असा टीकाकारांचा आक्षेप होता. संघटनेचे प्रवक्ते कारोल मोद्झेलेव्हस्की यांनी राजीनामा दिला. ऑगस्टमधील बोलणी ध्वनिक्षेपकावरून झाली होती, मार्चमधील बोलणी बंद दाराआड झाली, हा फरक सदस्यांच्या लक्षात राहिला.

१९८१ च्या शरद ऋतूतील राष्ट्रीय अधिवेशनात वालेसा अध्यक्षपदी निवडून आले. तीन प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध त्यांना सुमारे ५५ टक्के मते मिळाली. निर्विवाद लोकप्रिय नेत्याला आपल्याच संघटनेतील जवळजवळ निम्म्या प्रतिनिधींचा पाठिंबा मिळाला नाही, ही बाब बोलकी आहे. वाटाघाटी करताना हात मोकळे हवेत, ही वालेसा यांची धारणा होती. संघटनेतील लोकशाहीवादी कार्यकर्त्यांना तीच धोक्याची वाटत होती.

४. लष्करी कायदा ते गोलमेज परिषद (१९८१ ते १९८९) :

१३ डिसेंबर १९८१ रोजी जनरल यारुझेल्स्की यांनी लष्करी कायदा लागू केला. हजारो कार्यकर्त्यांना एका रात्रीत पकडण्यात आले. तीन दिवसांनी वुयेक खाणीत झालेल्या गोळीबारात नऊ खाणकामगार ठार झाले. वालेसा यांना नोव्हेंबर १९८२ पर्यंत स्थानबद्ध ठेवण्यात आले. त्यांनी सरकारला अनुकूल निवेदन द्यावे यासाठी दबाव होता. तो त्यांनी मानला नाही. ऑक्टोबर १९८२ मध्ये कायद्याने संघटना बरखास्त झाली. १९८३ चे नोबेल पारितोषिक स्वीकारण्यासाठी ते ओस्लोला गेले नाहीत, कारण देशाबाहेर पडल्यास परतू दिले जाणार नाही अशी भीती होती. त्यांच्या वतीने पत्नी दानुता व पुत्र बोग्दान यांनी पारितोषिक स्वीकारले. या काळात वालेसा यांनी भाषणांपेक्षा केवळ आपल्या उपस्थितीने संघटना जिवंत ठेवली. सरकार त्यांना 'खासगी नागरिक' म्हणत असे, तर परदेशी नेते व पत्रकार त्यांच्याच भेटीला येत.

१९८८ मध्ये अर्थव्यवस्था डबघाईस आली होती. वसंत ऋतूत आणि ऑगस्टमध्ये तरुण कामगारांनी संप केले. सोव्हिएत संघात गोर्बाचेव्ह यांच्या धोरणामुळे हस्तक्षेपाची शक्यता कमी झाली होती. गृहमंत्री किश्चाक यांनी वालेसा यांच्याशी बोलणी सुरू केली. ३० नोव्हेंबर १९८८ रोजी सरकारमान्य कामगार संघटनांचे प्रमुख मिओदोविच यांच्याशी वालेसा यांची दूरदर्शनवर थेट चर्चा झाली. अल्पशिक्षित वीजतंत्र्याचा फजितवाडा होईल ही सत्ताधाऱ्यांची अपेक्षा साफ चुकली. शांत, मुद्देसूद आणि विनोदी वालेसा प्रेक्षकांनी प्रथमच पाहिले.

६ फेब्रुवारी ते ५ एप्रिल १९८९ या काळात गोलमेज परिषद भरली. तिच्यात ठरल्यानुसार संघटनेला पुन्हा मान्यता मिळाली. कनिष्ठ सभागृह असलेल्या सेयमच्या ४६० जागांपैकी ३५ टक्के, म्हणजे १६१ जागा, खुल्या निवडणुकीसाठी ठेवण्यात आल्या. १०० जागांचे नवे सिनेट पूर्णतः खुल्या निवडणुकीने निवडायचे होते. वालेसा स्वतः उभे राहिले नाहीत. प्रत्येक उमेदवाराचे त्यांच्यासमवेत छायाचित्र काढून भित्तिपत्रके लावण्यात आली. दोन्ही फेऱ्या मिळून सॉलिडॅरिटीने सेयममधील सर्व १६१ आणि सिनेटमधील ९९ जागा जिंकल्या. करारानुसार यारुझेल्स्की राष्ट्राध्यक्ष झाले, पण तेही केवळ एका मताच्या निसटत्या बहुमताने.

यानंतरची खेळी वालेसा यांच्या राजकीय चातुर्याचा कळस मानावी लागेल. साम्यवादी पक्षाबरोबर चाळीस वर्षे नांदलेल्या कृषक पक्षाला व लोकशाही पक्षाला त्यांनी आपल्या बाजूस वळविले. परिणामी सत्ताधाऱ्यांसाठी राखून ठेवलेले बहुमतच नाहीसे झाले. २४ ऑगस्ट १९८९ रोजी माझोव्हियेत्स्की यांची पंतप्रधानपदी निवड झाली. एकही गोळी न झाडता सत्तांतर घडले.

५. राष्ट्राध्यक्षपदाचा कालखंड (१९९० ते १९९५) :

नव्या सरकारमध्ये वालेसा यांना कोणतेही पद नव्हते. निर्णय राजधानी वॉर्सात होत होते आणि ते ग्दान्स्कमध्ये होते. १ जानेवारी १९९० पासून अर्थमंत्री बाल्त्सेरोविच यांचा कठोर आर्थिक कार्यक्रम अमलात आला. दुकानांत माल आला, परंतु खरेदीशक्ती घटली आणि बेकारी वाढू लागली. १९९३ च्या अखेरीस ती सुमारे १६ टक्क्यांवर पोहोचली. जुन्या व्यवस्थेविरुद्ध लढलेल्या मोठ्या कारखान्यांतील कामगारांनाच नव्या व्यवस्थेची सर्वाधिक झळ बसली. कामगार नेत्याच्या दृष्टीने ही कसोटीची वेळ होती. वालेसा यांनी सुधारणांना पाठिंबा कायम ठेवला, परंतु असंतोषाचा रोख माझोव्हियेत्स्की यांच्या मंद गतीकडे वळविला. या अंतर्गत संघर्षाला 'शिखरावरील युद्ध' असे नाव पडले.

१९९० च्या पहिल्या थेट निवडणुकीत वालेसा यांनी सुधारणांच्या वेगाबरोबरच प्रत्येक नागरिकास १० कोटी झ्लॉटी देण्याचीही भाषा केली. पहिल्या फेरीत त्यांना सुमारे ४० टक्के मते मिळाली. परदेशातून आलेले अपरिचित उद्योजक तिमिन्स्की यांनी २३ टक्के मते घेऊन पंतप्रधान माझोव्हियेत्स्की यांना तिसऱ्या स्थानी ढकलले. दुसऱ्या फेरीत वालेसा यांचा प्रचंड विजय झाला. २२ डिसेंबर १९९० रोजी लंडनस्थित निर्वासित सरकारचे अखेरचे राष्ट्राध्यक्ष काचोरोव्हस्की यांनी युद्धपूर्व प्रजासत्ताकाची राजचिन्हे त्यांच्या हाती सुपूर्द केली.

त्यांच्या कारकिर्दीची जमेची बाजू दुर्लक्षिता येणार नाही. पोलंडच्या भूमीवरील रशियन लढाऊ फौजा ऑक्टोबर १९९२ पर्यंत आणि उर्वरित सैनिक सप्टेंबर १९९३ मध्ये परत गेले. नाटो व युरोपीय समुदायाकडे देशाची दिशा वळली. अर्थसुधारणा मागे घेतल्या गेल्या नाहीत.

अंतर्गत कारभारात मात्र चित्र वेगळे होते. १९९१ च्या निवडणुकीनंतर सेयममध्ये २९ गट आले. पाच वर्षांत पंतप्रधानपदाची खांदेपालट वारंवार झाली. जून १९९२ मध्ये गुप्त पोलिसांच्या कथित सहकाऱ्यांची यादी संसदेत पोहोचताच ओल्शेव्हस्की यांचे सरकार एका रात्रीत पडले. त्या यादीत वालेसा यांचेही नाव होते. मे १९९३ मध्ये सुखोत्स्का यांच्या सरकारविरुद्धचा अविश्वास ठराव एका मताने संमत झाला. तो मांडणारे सदस्य सॉलिडॅरिटी कामगार संघटनेचेच होते. वालेसा यांनी संसद विसर्जित केली आणि त्यानंतरच्या निवडणुकीत पूर्वाश्रमीचे साम्यवादी सत्तेत परतले. वालेसा यांच्या पाठिंब्याने उभ्या राहिलेल्या गटाला ५ टक्क्यांहून थोडी अधिक मते पडली.

याच काळात गेरेमेक, माझोव्हियेत्स्की यांच्यासारखे जुने सहकारी दुरावले. एकेकाळी वालेसा यांचे वाहनचालक असलेले वाखोव्हस्की राष्ट्राध्यक्ष कार्यालयात सर्वांत प्रभावी झाले. सप्टेंबर १९९४ मध्ये द्राव्स्को येथे सेनाधिकाऱ्यांच्या भोजनप्रसंगी वालेसा यांनी संरक्षणमंत्र्यांविषयी त्यांचे मत विचारले. अधिकाऱ्यांनी मंत्र्यांविरुद्ध कौल दिला. नागरी नियंत्रणाच्या तत्त्वाला हे धरून नव्हते.

१९९५ च्या निवडणुकीत तरुण व सफाईदार क्वाश्नियेव्हस्की हे त्यांचे प्रतिस्पर्धी होते. दूरदर्शनवरील चर्चेत वालेसा यांनी त्यांच्याशी हस्तांदोलन करण्यास अवमानकारक शब्दांत नकार दिला. १९८८ मध्ये ज्या माध्यमाने त्यांना उभे केले, त्याच माध्यमाने त्यांची हानी केली. १९ नोव्हेंबर १९९५ रोजी ४८.२८ विरुद्ध ५१.७२ टक्के अशा फरकाने ते पराभूत झाले.

६. सत्तेनंतर :

माजी राष्ट्राध्यक्षांसाठी तेव्हा निवृत्तिवेतनाची तरतूद नव्हती. एप्रिल १९९६ मध्ये वालेसा जहाजबांधणी कारखान्यात वीजतंत्री म्हणून पुन्हा हजर झाले. त्यानंतर लवकरच निवृत्तिवेतनाचा कायदा झाला. त्याच वर्षी हा कारखाना दिवाळखोरीत निघाला. २००६ मध्ये वालेसा स्वतः सॉलिडॅरिटीतून बाहेर पडले.

१९७० च्या दशकातील गुप्त पोलिसांशी संबंधाचा आरोप त्यांचा पिच्छा सोडीत नाही. २००० मध्ये संबंधित न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले. २०१६ मध्ये दिवंगत किश्चाक यांच्या घरी कागदपत्रे सापडली. २०१७ मध्ये हस्ताक्षरतज्ज्ञांनी त्यांतील सह्या वालेसा यांच्या असल्याचा अभिप्राय दिला. वालेसा यांनी तो अमान्य केला आहे. ही कागदपत्रे १९७० ते १९७६ या काळातील आहेत. ती खरी मानली तरी १९७० च्या गोळीबारानंतर दडपणाखाली आलेल्या तरुण कामगाराच्या वर्तनावरून १९८० नंतरच्या कार्याचे मूल्य ठरविणे इतिहासाच्या दृष्टीने योग्य ठरत नाही. तसेच पुढील कार्याच्या थोरवीमुळे मागील प्रश्न विचारूच नये, हीही भूमिका अभ्यासकाला स्वीकारता येत नाही.

निष्कर्ष :

१) वालेसा यांचे मुख्य सामर्थ्य वाटाघाटीत होते. समोर एकच बलवान प्रतिपक्ष आणि पाठीशी एकजूट असलेला समुदाय असताना हे सामर्थ्य सर्वाधिक प्रभावी ठरले. १९८० व १९८९ ही त्याची ठळक उदाहरणे होत.

२) सत्ता मिळाल्यावर तो प्रतिपक्ष उरला नाही. दबाव, अनपेक्षित खेळी आणि एकट्याने निर्णय घेण्याची पद्धत मग स्वकीयांवर व घटनात्मक संस्थांवर वापरली गेली. मार्च १९८१ मध्ये या प्रवृत्तीची चाहूल लागली होती.

३) ज्या कामगारांच्या बळावर परिवर्तन घडले, त्यांनाच बाजारव्यवस्थेची मोठी किंमत मोजावी लागली. कामगार नेता आणि सुधारणावादी राष्ट्राध्यक्ष या दोन भूमिकांतील हा ताण वालेसा यांना सोडविता आला नाही. तो अन्य कोणाला सहज सोडविता आला असता असेही म्हणता येत नाही.

४) १९९७ च्या राज्यघटनेने संरक्षण, परराष्ट्र व गृह खात्यांच्या मंत्र्यांच्या निवडीतील राष्ट्राध्यक्षांची विशेष भूमिका काढून घेतली आणि नकाराधिकार ओलांडण्यासाठी लागणारे बहुमत दोन-तृतीयांशावरून तीन-पंचमांशावर आणले. वालेसा यांच्या कारकिर्दीतील संघर्षांचा अनुभव यामागे होता.

५) १९९५ मध्ये अल्प फरकाने पराभव होऊनही त्यांनी पद सोडले. नव्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीला ते गेले नाहीत, तरी सत्ता मुदतीत हस्तांतरित झाली. सहा वर्षांपूर्वीपर्यंत जेथे निवडणुकीने कोणीच सत्ता गमावीत नसे, तेथे खुद्द परिवर्तनाचा नायक मतपेटीतून पराभूत होऊ शकला. वालेसा यांच्या वैयक्तिक कारकिर्दीचा हा शेवट असला, तरी ज्या हक्कासाठी १९८० चा संप झाला त्याची ही सिद्धताच होती. लोकशाहीच्या अभ्यासकाने त्यांचे मूल्यमापन करताना राष्ट्राध्यक्षपदाच्या पाच वर्षांबरोबर ही गोष्टही विचारात घ्यावयास हवी.